वगळलेला चॅनल

मंगळवारी दुपारी, घराखालच्या बागेत कापराच्या झाडाखाली बसलेल्या हिरासेच्या कानात त्याच्याच घरातली घंटा वाजली. विमानतळाच्या मनोऱ्यावरचा माणूस नुकताच बोलून गप्प झाला होता, पुढचं विमान यायला तीन-चार मिनिटं होती, आणि तेवढा वेळ काढायचा म्हणून आठवड्यापूर्वी घेतलेल्या मुठीएवढ्या रिसीव्हरवरचं एक बटण त्यानं उगाच दाबलं होतं. पडद्यावरचे आकडे भराभर पळाले, एका जागी थांबले, आणि ‘टिंग’ झालं. पितळी वाटीची, काडीनं वाजवायची, पितरांच्या देव्हाऱ्यापुढची ती घंटा. तशा घंटा ओसाकाला लागून असलेल्या या तोयोनाकात घरोघरी असतात आणि सकाळ-दुपार वाजतात, पण हिचा आवाज शेवटी जरासा चिरकतो. मोठ्या भूकंपात देव्हारा पालथा झाला तेव्हा हिला केसाएवढी चीर गेली होती, आणि आईनं नवी आणू दिली नव्हती. चिरकणं संपलं आणि मित्सुएचा आवाज आला, अगदी कानाशी तोंड आणून बोलल्यासारखा. “आई, आज नवा तांदूळ आहे. तुमच्या नातीनं, चिहारुनं नागोयाहून पाठवलाय. तुम्हाला जरा चिकट वाटेल.” हिरासेनं दचकून मागे पाहिलं. मागे झाड होतं. समोर, घसरगुंडीच्या पलीकडे, त्यांची इमारत, आणि चौथ्या मजल्यावर त्यांच्या गॅलरीत त्याचाच सदरा वाळत होता. “शुक्रवारी जाऊन कागदावर सहीचा शिक्का मारून येते,” मित्सुए त्याच्या मेलेल्या आईला सांगत होती. “डोंगरावरची ती जागा, झाडाखालची. एकटीपुरतीच आहे. यांना अजून बोलले नाही. पण म्हटलं, तुम्हाला आधी सांगावं.” मग विमान आलं. ते या बागेवरून इतकं खाली जातं की पोटावरचे खिळे मोजावेत. ते गेलं आणि कानात नुसती खरखर उरली.

त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर संताप. बायको आपल्यापासून काही लपवते आहे याचा नव्हे, तर हे यंत्र आपल्याला विचारल्याशिवाय आपल्या घरात शिरलं याचा. ते त्यानं विमानांसाठी घेतलं होतं. छत्तीस वर्षं लिफ्टच्या कंपनीत काढून निवृत्त झाल्यावर माणूस फार तर काय करणार? शेजारचा एकजण मडकी करायला शिकत होता, दुसरा सोबाच्या नूडल्स घरी लाटून सगळ्या इमारतीला खाऊ घालत होता आणि इमारत बिचारी खात होती. हिरासेनं निप्पोनबाशीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात जाऊन रिसीव्हर घ्यायचं ठरवलं. एकेकाळी त्याच्याकडे एक होता, अकरा वर्षांपूर्वी टाकून दिला होता, आणि का टाकला त्याबद्दल तो स्वतःशी फारसं बोलत नसे. आडगल्लीतला तो दुकानदार, त्सुजिनाका, सत्तरीचा असेल, पण एकसष्ट वर्षांच्या हिरासेला तो ‘दादा’ म्हणाला, कारण ओसाकात गिऱ्हाईक कधी म्हातारं होत नाही. “दादा, आधी मला सांगा, ऐकायचं काय आहे?” “विमानं.” “नुसती विमानं? मग हा घ्या. हलका आहे, बटणं कमी, वहिनीसुद्धा चालवतील. आणि हा दुसरा. हा खालपासून वरपर्यंत सगळं ऐकतो. पण खरं सांगू का, त्यातलं निम्मं आता ऐकायला उरलंच नाही. पोलिसांनी आवाजाला कुलूप लावलं, बंबवाल्यांनी लावलं, टॅक्सीवाले गेले. मोकळ्यावर बोलणारी आता विमानं, थोड्या आगगाड्या, आणि ज्यांना आपण बोलतोय हेच माहीत नाही अशी माणसं.” हिरासेनं दुसरा उचलून पाहिला. हाताला तो बरा लागला, बटणं अंधारातही ओळखू येतील अशी होती. “ही अँटेना एवढीशीच?” “ती डब्यात फुकट येते दादा, आणि फुकटाएवढंच काम करते. ही लांब घ्या. कानात हे घाला, नाहीतर बागेतल्या बायका पोलिसांना बोलावतील. खरखर आली की ही चकती फिरवायची, खरखर जाईपर्यंतच, जास्त नाही. जास्त फिरवली की हळू आवाजाची माणसंही जातात.” हे सगळं हिरासेला ठाऊक होतं, पण तो नवशिक्यासारखी मान डोलवत राहिला. “आणि हे बटण?” “हे लपवलेले माइक शोधायचं. हल्ली बायका त्यासाठीच घेतात, नवं घर घेतलं की खोलीखोलीतून फिरवतात. तुम्हाला काय करायचंय. आणि नियम माहितीय ना? ऐकायला मुभा आहे. ऐकलेलं दुसऱ्याला सांगायला नाही, त्यावरून काही करायलाही नाही. कायदाच आहे तसा. आमची ही म्हणते, नवऱ्यांना डोळ्यापुढे ठेवूनच केलाय.” स्वतःच्याच विनोदावर त्सुजिनाका इतका हसला की त्याला खोकला आला.

आणि आज हिरासेनं उगाच दाबलेलं बटण नेमकं तेच होतं. लपवलेला माइक. त्याच्या घरात. कोणी ठेवला, असा प्रश्न त्यानं स्वतःला विचारून पाहिला, आणि चांगली दोन विमानं जाईपर्यंत तो त्या प्रश्नाचा विचार करत असल्याचं सोंग करत राहिला. कोणी ठेवला ते त्याला घंटा वाजली त्याच क्षणी कळलं होतं. पांढरा, तीन तोंडांचा, भिंतीतल्या प्लगवर बसवायचा साधा जोड. आतून तो विजेवर जगणारा छुपा माइक होता: खोलीत आवाज झाला की जागा व्हायचा, शांत झाली की झोपायचा. अकरा वर्षांपूर्वी आई त्या खोलीत अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्यानंच तो निप्पोनबाशीच्या दुसऱ्या एका दुकानातून आणला होता, खाकी पाकिटात घालून, एखादं लाजिरवाणं मासिक आणावं तसा, आणि मित्सुएला न सांगता कपाटामागे लावला होता. आई गेल्यावर त्यानं रिसीव्हर कचऱ्यात टाकला. जोड तसाच राहिला. कान फेकला, तोंड राहिलं. नंतर आईच्या पलंगाच्या जागी बाहेरच्या खोलीतला देव्हारा आला, आणि देव्हाऱ्यातल्या छोट्या दिव्याची तार मित्सुएनं हाताला लागलेल्या पहिल्या भोकात खुपसली. तेव्हापासून ती रोज दुपारी त्या दिव्यापुढे बसून बोलत होती आणि तो जोड तिचं बोलणं इमानानं या बागेपर्यंत आणून टाकत होता. ऐकायला फक्त कोणी नव्हतं.

तो वर गेला तेव्हा मित्सुए नूडल्स धूत होती. “आलात? हात धुवा. आज किती उतरली?” ती रोज हेच विचारायची, कोंबड्यांनी किती अंडी घातली असं विचारावं तसं. “चौदा,” तो म्हणाला. ती समोर बसली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. कानामागचे पांढरे केस, मनगटावर भाजल्याचा जुना डाग, बर्फाच्या पाण्यातून नूडल्स उचलताना किंचित बाहेर येणारी जीभ. शुक्रवारी ही बाई स्वतःसाठी एकटीची जागा घेणार. हल्ली बायका असं करतात हे त्यानं ऐकलं होतं. नवऱ्याच्या घराण्याच्या थडग्याच्या दगडाखाली, सासूच्या अस्थींना खेटून पडायचं नको म्हणून डोंगरावरच्या कुठल्या तरी देवळाकडून झाडाखालची वीतभर जागा घेऊन ठेवतात, आणि नवऱ्यांना ते नंतर कळतं, काही जणांना फारच नंतर. कंपनीतल्या एकाची तशी गोष्ट ऐकून सगळे हसले होते. तोही हसला होता. “मित्सुए,” तो म्हणाला, आणि तिनं मान वर केली, कारण नावानं तो फारसा हाक मारत नसे. “पुढच्या महिन्यात आईच्या दगडावर पाणी घालायला जायचंय, त्या वेळी तू…” आणि विमान आलं. या भागातली माणसं अशा वेळी वाक्य मध्येच थांबवतात, चॉपस्टिक हवेत धरतात, आणि आवाज गेला की तिथूनच पुढे बोलू लागतात, लहान पोरंसुद्धा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मित्सुएला याचं फार हसू यायचं. पण हिरासेच्या घरात थांबलेली वाक्यं बऱ्याचदा थांबलेलीच राहत. विमान गेल्यावर मित्सुए म्हणाली, “काय म्हणत होतात?” आणि तो म्हणाला, “काही नाही. किसलेलं आलं संपलंय का?”

जेवण झाल्यावर ती खाली कचरा ठेवायला गेली तेव्हा तो देव्हाऱ्याच्या खोलीत गेला आणि गुडघ्यावर बसून त्यानं कपाटामागे मान घातली. धुळीची लोकर, एक हरवलेली केसांची पिन, आणि जोड. पांढरा रंग पिवळा पडला होता. हात लांबवला असता तर निघाला असता. दिवा विझला असता, तिनं दुसरा जोड आणला असता, संपलं असतं. त्यानं हात लांबवला नाही. आपण तो का काढला नाही याची कारणं त्यानं जिना उतरताना, अंघोळ करताना, रात्रीचा भात जेवताना जमवली, आणि एकही खरं नव्हतं. खरं कारण हे होतं की त्याला बुधवारी दुपारचं ऐकायचं होतं.

बुधवारी तो साडेअकरालाच जाऊन बसला. विमानांचा चॅनल लावलाच नाही. आकडा आता पाठ होता. शेजारच्या बाकावर दोन बायका कुत्र्याला मधे घेऊन बोलत होत्या, आणि कानात खरखर येऊ नये म्हणून त्यानं चकती फिरवली, मग हळू आवाजाची माणसं जातील म्हणून परत सैल केली. घंटा वाजली. “आई, आज मुळ्याचं लोणचं आहे. खारट झालंय, बोलू नका.” मग बराच वेळ काही नाही, म्हणजे जोड झोपला होता. मग परत जागा झाला, आणि मित्सुए हळू, घरगुती आवाजात, कपडे घडी घालताना बोलावं तसं बोलू लागली. “काल माझं बोलणं तुम्हाला लागलं असेल. तुमच्यावर राग धरून जातेय असं समजू नका. राग कसला. तुमच्या शेजारी कोणत्या तोंडानं येऊन पडू, हा प्रश्न आहे. तुम्हाला माहीत आहे सगळं. चारला येते म्हणून गेले. चारला तुमचा कफ काढायचा होता. आणि मी त्या स्टेशनाजवळच्या हॉटेलात बसले. टोस्ट खाल्ला. मिक्स ज्यूस प्याले, लहान मुलीसारखा, काडीनं. फोन टेबलावर ठेवला होता. घशात घरघर झाली तर फोन करा असं यांना सांगून आले होते. फोन वाजला नाही. म्हणून म्हटलं अजून पाच मिनिटं. मग अजून पाच मिनिटं. पन्नास मिनिटं झाली आई. तुमच्या घरघरीपासून लांब बसून मला इतकं बरं वाटत होतं.” इथे ती थांबली. हिरासेचा अंगठा रिसीव्हरच्या उजव्या अंगावरच्या एका बटणावर गेला होता. ते बटण त्याला पाहावं लागलं नाही. ‘वगळा’. ते एकदा दाबलं की यंत्र त्या चॅनलवर परत थांबत नाही, शेजारून निघून जातं. त्यानं अंगठा उचलला. “हे म्हणाले, झोपेतच गेली, काही आवाज नाही. मी तुमची नखं पाहिली होती. गोधडीत रुतलेली. ते बिचारे दिवसभर लोकांचं ऐकून दमून यायचे, त्या दिवशी झोप लागली असेल. मी जर म्हटलं असतं की झोपेत नाही गेल्या, तर त्यांनी स्वतःला खाल्लं असतं. म्हणून नाही बोलले. अकरा वर्षं नाही बोलले. तेवढं एक मी चांगलं केलं, नाही का?” विमान आलं. हिरासेनं वर पाहिलं नाही.

त्याला झोप लागली नव्हती.

लिफ्टच्या कंपनीत त्याचं काम काय होतं ते सांगायला हवं. अडकलेल्या लिफ्टमधलं लाल बटण दाबलं की आवाज त्याच्या टेबलावर यायचा. शहरभरच्या लिफ्टा, अडकलेली माणसं, रडणारी, शिव्या देणारी, एक तर बाळंत व्हायला निघालेली. तो प्रत्येकाला तेच वाक्य म्हणायचा, “घाबरू नका, मी ऐकतोय,” आणि माणसं खरोखर शांत व्हायची. त्याच्या आवाजात काहीतरी होतं असं वरिष्ठ म्हणत. घरी मात्र त्याला आईची घरघर ऐकवत नसे. कफ काढायची नळी त्यानं एकदा हातात धरली आणि बेसिनकडे पळाला. त्यानंतर ते काम मित्सुएचं झालं, दर दोन तासांनी, वर्षभर. म्हणून त्यानं तो जोड आणला. खोलीत बसायला नको आणि लक्षही राहील. गॅलरीत बसावं, मनोऱ्यावरचा माणूस ऐकावा, आणि मधल्या एका चॅनलवर आई. आई खोकली की यंत्र विमानावरून उडी मारून तिच्यावर थांबायचं, तो मित्सुएला म्हणायचा, “आई जागी झाली वाटतं,” आणि मित्सुए म्हणायची, “किती तीक्ष्ण कान हो तुमचे.” हे कौतुक त्यानं मुकाट्यानं घेतलं होतं, अनेकदा.

त्या रविवारी मित्सुए दोनला बाहेर पडली. अडीचला तो बागेत आला. याच बाकावर. आईला एकटं सोडलं असं त्याला मुळीच वाटलं नाही, आई खिशात होती. वारा आडवा होता आणि विमानं टेकता टेकता पुन्हा वर जात होती, एकामागून एक, आणि चालकांचे आवाज इतके थंड, इतके नीटनेटके होते की ऐकत राहावंसं वाटत होतं. कोणी घाबरत नव्हतं. चारच्या सुमाराला यंत्र आईवर थांबायला लागलं. घर्र. तो वाट पाही, यंत्र पुढे जाई, मनोरा बोलू लागे, की परत घर्र. एक विमान तिसऱ्यांदा उतरायचा प्रयत्न करत होतं. त्याला त्याचं काय होतं ते ऐकायचं होतं. मित्सुए आत्ता येईलच, चारला येते म्हणाली आहे, असं मनाशी म्हणून त्यानं ते बटण दाबलं. पडद्यावर एक बारीकशी खूण उमटली आणि आई वगळली गेली. विमान उतरलं. त्यानंतरची आणखी नऊ उतरली, त्यानं मोजली होती. वर गेला तेव्हा पावणेपाच झाले होते, दारात मित्सुएच्या चपला नव्हत्या, आणि खोली शांत होती. त्यानं आईचं तोंड मिटवलं. गोधडी सारखी केली, नखांकडे न बघता. पाच वाजता मित्सुए आली, पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावत होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून पहिलं वाक्य त्याच्या तोंडून आपोआप निघालं. झोपेतच गेली. काही आवाज नाही. ते वाक्य त्यानं डॉक्टरांना सांगितलं, बहिणीला सांगितलं, भिक्षूंना सांगितलं, आणि सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं की तोही त्यावरून घसरत सुखानं पुढे निघून गेला. मित्सुएच्या हातात मात्र ते अकरा वर्षं तसंच होतं, सगळ्या टोकांसकट.

आता तिला मोकळं करणं एका वाक्याचं काम होतं. फोन वाजला नाही, कारण मी केला नाही. मी ऐकलं आणि बंद केलं. बुधवारी संध्याकाळभर ते वाक्य जिभेवर घेऊन तो घरात हिंडला. पण त्याच्या आधी दुसरं सांगावं लागणार होतं, की मी तुझं आणि आईचं बोलणं ऐकलं. काल ऐकलं आणि आज मुद्दाम जाऊन ऐकलं. कायद्यानं ऐकायला मुभा आहे हे तिला सांगून काय उपयोग. आणि त्याला लाज कशाची जास्त वाटत होती, अकरा वर्षांपूर्वीच्या बटणाची की आजच्या बाकाची, ते त्याचं त्यालाच कळेना. गुरुवारी सकाळी ती मोठी पिशवी काढून त्यात सहीच्या शिक्क्याची डबी ठेवताना त्यानं पाहिली. “उद्या जरा बाहेर जायचंय,” ती म्हणाली. “जेवण झाकून ठेवीन.” “कुठे?” “एका मैत्रिणीकडे.” खोटं बोलताना आपले कान लाल होतात हे तिला माहीत नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. या वेळी विमानसुद्धा आलं नाही. तरी शब्द आला नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलताना मधे तार होती, भिंती होत्या, मजले होते. माणूस समोर नसला की त्याला बोलता येत होतं. आणि मग त्याला ती युक्ती सुचली, आणि सुचल्याबरोबर इतकी चांगली वाटली की त्याला घाम फुटला.

अकराच्या सुमाराला तो म्हणाला, “चल, आज खाली ये माझ्याबरोबर. ऐक तरी एकदा.” मित्सुए हसली. “मी? मला काय कळणार त्यांची इंग्रजी.” “नुसतं ऐकायचं.” त्यानं असं कधी बोलावलं नव्हतं म्हणूनच असेल, तिनं एप्रन काढून खुर्चीवर टाकलं. बाकावर त्यानं तिच्या कानात इयरफोनची बोंडं घातली, रिसीव्हर तिच्या मांडीवर ठेवला, आकडा लावला. “काहीच येत नाही,” ती मोठ्यानं म्हणाली, कान बंद असलेली माणसं बोलतात तशी. “येईल. मी टोपी विसरलो, घेऊन येतो. काढू नकोस कानातून. आणि कुठलं बटण दाबू नकोस.” “बरं बाबा, नाही दाबत.” लहान मूल बसावं तशी ती दोन्ही हात यंत्रावर ठेवून बसली होती. त्यानं लिफ्टची वाट पाहिली नाही, चार मजले चढला, आणि देव्हाऱ्यापुढे धापा टाकत गुडघे टेकले. आईचा फोटो त्याच्याकडे पाहत होता, कुठल्याशा लग्नात काढलेला, कपाळाला आठी असलेला. त्यानं काडी उचलली आणि घंटा वाजवली. म्हणजे आता खाली, तिच्या कानात, वाजली.

“आई,” तो म्हणाला. आवाज त्याचा कामावरचा आला, शांत, खालच्या पट्टीतला, आणि त्याला त्याची किळस आली, पण तो थांबला नाही. “मी झोपलो नव्हतो. मी घरातच नव्हतो. खाली बाकावर होतो. तुझा आवाज मला येत होता, या कपाटामागून येत होता, चार वाजल्यापासून येत होता. मी तो बंद केला. विमान ऐकायचं होतं. मित्सुएला फोन करायला हवा होता, केला नाही. ती टोस्ट खात होती, फोनकडे बघत होती, आणि मी… पन्नास मिनिटं तिची नव्हेत. माझी आहेत.” तो आणखीही बोलला. जोडाबद्दल बोलला, मंगळवारबद्दल, बुधवारबद्दल, डोंगरावरच्या झाडाबद्दल. जाऊ नकोस असं म्हणायचं होतं, पण ते आईला कसं म्हणायचं ते न कळून त्यानं सोडून दिलं. मग उठून गॅलरीत गेला. सदऱ्याच्या बाहीआडून खाली पाहिलं. मित्सुए बाकावर होती, मान खाली. हात यंत्रावर होते की नाही ते इतक्या उंचावरून दिसत नव्हतं. त्याला एकदम भीती वाटली की तिनं काहीच ऐकलं नसेल, किंवा मधेच कुठेतरी अंगठा गेला असेल. मग ती उठली आणि इमारतीकडे चालू लागली, आणि त्याहून मोठी भीती वाटली.

दार उघडलं. ती चपला काढून आत आली, रिसीव्हर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, बोंडांची तार नीट गुंडाळली. त्याच्याकडे पाहिलं नाही. सरळ देव्हाऱ्याच्या खोलीत गेली आणि कपाटाच्या कडेला दोन्ही हात लावून ते ओढू लागली. तो मदतीला पुढे झाला. “राहू द्या,” ती म्हणाली. कपाट कर्र करत हललं. मित्सुए वाकली, भिंतीतून तो पिवळा जोड उपटला, आणि देव्हाऱ्यातला दिवा विझला. जोड तिनं तळहातावर धरून पाहिला. मग चटईवर त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ येऊन बसली. तिचे कान लाल नव्हते. चेहरा पांढरा पडला होता, आणि असा राग त्यानं त्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

“मला बाकावर बसवून टोपी आणायला गेलात,” ती म्हणाली. “आईंनाही तसंच ठेवून गेला होतात. खाली बसून ऐकायचं, नाहीतर वर बसून बोलायचं. समोर कधी बसणार?”

“मित्सुए, मी सांगितलं सगळं. तू ऐकलंस ना?”

“त्यांना सांगितलंत. मला कुठे सांगितलंत?” तिनं जोड दोघांच्या मधे, चटईवर ठेवला. “उद्याचं उद्या बघू. जाईन, नाही तर नाही. आता मला सांगा. माझ्या तोंडाकडे बघून. पहिल्यापासून.”

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते फार जवळ होतं. डोळ्याखाली बारीक तीळ होता, तो त्याला आठवत होता तिथे नव्हता, जरा अलीकडे होता.

“त्या रविवारी,” तो म्हणाला, आणि आवाज फाटला, कामावरचा तो आवाज कुठल्या कुठे गेला. “त्या रविवारी तू दोनला गेलीस. आणि मी…”

विमान आलं. काचा थरथरल्या, चिरलेली घंटा आपोआप बारीक गुणगुणली. त्याचं तोंड सवयीनं मिटलं, आणि त्याला वाटलं, सुटलो. मित्सुएनं हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. आवाज डोक्यावरून गेला, नदीकडे गेला, धावपट्टीकडे उतरत लहान होत होत संपला, तरी तिनं मनगट सोडलं नाही.

“हं,” ती म्हणाली. “आणि तुम्ही?”